पुढची नावं

सफियाने अंगणात पुरलेल्या तारेच्या बुडाशी लोटाभर पाणी ओतलं आणि आत येऊन दाराला कडी घातली. जमीन ओली असली की रेडिओ कमी गुरगुरतो, असं तिचे सासरे फजलदाद म्हणत.

फजलदादने बटण आधीच फिरवून ठेवलं होतं. जुना व्हॉल्व्हचा रेडिओ, तापायला वेळ घेई. मागच्या जाळीतून तांबूस उजेड भिंतीवर पडला, तापलेल्या धुळीचा वास सुटला, मग खरखर सुरू झाली. काट्याच्या वरचा हिरवा डोळा उघडला. स्टेशन नेमकं लागलं की त्या डोळ्यातली काळी फट मिटत जाई.

ढाका पडलं तेव्हापासून त्याच्या मुलाची, सफियाच्या नवऱ्याची, सरवरची काहीच खबर नव्हती. छावणीतले साहेब ‘कळवू’ म्हणत. पण संध्याकाळी शत्रूच्या, हिंदुस्तानच्या रेडिओवर कैदेतल्या शिपायांची नावं वाचली जात. त्यांच्या चकवाल गावात घरोघरी खिडक्या लावून ती ऐकत. त्याबद्दल कोणी कोणाला विचारत नसे.

“आवाज वाढवा की,” चुलीपाशी बसलेली त्याची बायको रेशमजान म्हणाली.

“आवाजाबरोबर खरखरही वाढते. गप्प बस जरा.”

“जन्मभर मलाच गप्प बसवलंत. त्या डब्याला बसवा कधीतरी.”

फजलदादने रेडिओच्या कापडाला कान लावला. स्टेशन सारखं निसटत होतं. बोटाने काटा केसभर हलवून तो त्याला परत आणत होता. नाव, बापाचं नाव, जिल्हा. पुन्हा नाव.

“नायक मुहम्मद सरवर...”

रेशमजानच्या हातातला चिमटा पडला. तिने हंबरडा फोडला आणि सुनेच्या गळ्यात पडली. “आहे, माझा बाळ आहे,” एवढंच ती म्हणत राहिली. त्या रडण्यात रेडिओ बुडून गेला. फजलदादचा कान मात्र कापडालाच होता. पुढचे शब्द त्याला स्वच्छ ऐकू आले: वल्द अल्लाह दित्ता, जिल्हा मियाँवाली.

त्यानंतरचं काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही.

“ऐकलंत ना?” रेशमजानने विचारलं.

“ऐकलं.”

थोड्या वेळाने निवेदक म्हणाला की यादी पुन्हा वाचली जाईल. रेशमजानने तोंड धुतलं, नमाजला बसावं तशी डोक्यावरून दुपट्टा घेऊन ती रेडिओसमोर बसली.

“आता नीट ऐकते. तुमचंही नाव घेतील ना पुढे?”

फजलदादने मान हलवली. नावं सुरू झाली. ते नाव जवळ आलं तसं त्याचं बोट हललं. हिरव्या डोळ्यातली फट रुंदावली. शीळ घुमली, मग कुठल्या तरी परक्या भाषेतलं बोलणं आलं.

“काय झालं हो?”

“हवा खराब आहे. सुटलं.”

तो काटा इकडून तिकडे फिरवत राहिला. कुठेच थांबला नाही.

“नेमकं आत्ताच मेलं मढं,” रेशमजान म्हणाली. पण तिच्या आवाजात राग नव्हता. एकदा ऐकलं होतं, तेवढं तिला पुरे होतं. तिने ताटलीत गुळाचे खडे घेतले आणि कडी काढून ती शेजारी गेली.

सफिया जागची उठली नाही. ती हिरव्या डोळ्याकडे बघत होती.

“अब्बाजी, हे आपले नव्हते ना?”

फजलदादने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. भिंतीपलीकडून रेशमजानचं बोलणं ऐकू येत होतं, मध्येच तिचं हसणं.

“किती दिवसांनी हसतेय,” तो म्हणाला. “आजची रात्र जेवेल तरी. उद्या सांगेन.”

“हसू देत. मी काही बोलणार नाही.” सफियाने पडलेला चिमटा उचलून चुलीपाशी ठेवला. तिची पाठ त्याच्याकडे होती. “पण त्या नावाच्या पुढची नावं आपण दोन्ही वेळा ऐकली नाहीत.”

फजलदादचा हात काट्याच्या बटणाकडे गेला. स्टेशन पहिल्याच खेपेला लागलं, एकदम स्वच्छ. यादी संपली होती. कोणीतरी बाई गात होती. दोघंही ते गाणं शेवटपर्यंत ऐकत बसली.