प्रीतमच्या कपड्यांची गोधडी

मी शिलाई मशीन बोलतेय. घरगुती, पायानं चालवायची, काळ्या रंगाची. कारखान्यातल्या माझ्या दांडग्या बहिणी वेगळ्या. माझ्या सुईपासून बाजूच्या खांबापर्यंत जागा आहे वीतभर. तेवढ्यातून जे सरकेल ते शिवायचं, एवढाच माझा धंदा.

पनवेलच्या एका दुकानात मी बरेच महिने काचेमागे उभी होते. गिऱ्हाईक ओळखायला तिथंच शिकले. नुसता भाव विचारतो तो घेत नाही. चाक फिरवून बघतो तो घेतो. एकदा एक गृहस्थ घोंगडं काखेत मारून आले, म्हणाले, यावर टीप मारून दाखवा. मालकांनी आधी चहा मागवला, मग हसत म्हणाले, "शेठ, सून बघायला आलात की हमाल?" गृहस्थ चहा पिऊन मला न घेताच गेले. मालकांना त्याचं काही वाटलं नाही.

प्रीतमनं चाक फिरवून पाहिलं. तळोज्याला केमिकल कंपनीत होता, लग्न नुकतंच झालेलं. बायको सुचिता उरणकडची, शिवणक्लास केलेली. कामोठ्याच्या जुन्या गावात त्यांचं घर. शेती नव्या शहराखाली गेलेली. घरात प्रीतमची आई, पुतळाबाई. मला टेम्पोतून उतरवलं तेव्हा तिनं हळदकुंकू वाहिलं आणि सुनेला बजावलं, "गावाचे ब्लाऊज शीव. पन माझ्या लुगऱ्यांना हात लावू नको."

दिवस बरे चालले होते. सुचिताला दिवस गेले, झबल्यांची कापडं आली. मग एके दिवशी कंपनीत पाइप फुटला आणि प्रीतम गेला.

इस्पितळानं त्याच्या अंगावरचे कपडे एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पुतळाबाईच्या हातात दिले आणि फेकून द्या म्हणून सांगितलं. ती पिशवी घरात आलेली मी पाहिली. बाहेर गेलेली पाहिली नाही.

त्यानंतर घरात दोघींचं बोलणं बंद झालं. त्या सकाळी अंग दुखतंय म्हणत होता, तरी तू डबा भरून त्याला कामावर पाठवलंस, हे सासूचं म्हणणं.

मग पुतळाबाईनं गोधडी शिवायला काढली. बाप नाही, तर बापाचे कपडे तरी लेकराच्या अंगाखाली असू देत. दोनचार मऊ सदरे पुरतील, असं सुचिता म्हणाली. सासूला एकही कपडा बाहेर ठेवायचा नव्हता. जीनच्या पँटी, स्वेटर, सगळं. पूर्वी ती हातानंच धावदोरा घालायची, आता बोटं वळेनात, म्हणून काम माझ्याकडे आलं. आतले थर मात्र तिनं एकटीनं रचले आणि कडा टाचून बंद केल्या. गरोदर बाईनं गोधडीचं पोट उघडं बघू नये, ही त्यांच्या घरची रीत. सुचिता तेवढा वेळ ओट्यावर जाऊन बसली.

गोधडी केवढी, तर गादीएवढी. माझ्या वीतभर जागेतून ती जायची कशी? सुचितानं डोकं चालवलं. दोन्ही बाजूंनी वळकटी करून कपड्यांचे चिमटे लावले. टिपा मधून सुरू केल्या आणि कडेकडे सरकत गेली. मागे टेबल लावलं, कारण वजन खाली लोंबलं की सुई वाकते. एक वळकटी माझ्या आत कोंबलेली, दुसरी तिच्या मांडीवर, पोटाला टेकलेली. टेबलापलीकडे सासू. तिनं ओढायचं नाही, नुसतं उचलून धरायचं.

आता बोलल्याशिवाय चालेना. आधी "उचला" आणि "थांब" एवढंच. मग एका दुपारी पुतळाबाई एका पँटीवर हात फिरवत म्हणाली, "हिच्या खिशात निवट्या भरून आनलेल्या त्यानं खाडीवरून. मासळीचा वास महिनाभर गेला नाय." सुचिता हसली. सासूही हसली. मला वाटलं, हे घर आता सावरतंय.

पण एका जागी दोरा तुटू लागला. सुचिताला वाटलं, थर जाड झाले. तिनं सुई बदलली, दोरा सैल केला. मला कळत होतं, तिथं कापड जाड नव्हतंच. सुई टेकली की ते जुन्या पापडासारखं मोडत होतं. सांगणार कशी?

उकाड्याचे दिवस. वळकटी घामानं भिजायची. सुचिताच्या पोटाला खाज सुटली. स्वेटरची लोकर टोचते, असं ती म्हणाली आणि शिवत राहिली. मग एका सकाळी अंघोळ करून आली, ती कात्री घेऊनच. टीप उसवून तिनं आतला सदरा बाहेर ओढला. पिवळे डाग, कडा विरलेल्या.

"आय, हा फेकायला सांगितला होता."

"त्याच्या अंगावरचा हाय."

"ॲसिड आहे त्यात."

"पोरगा दिला मी जाळायला," पुतळाबाई म्हणाली. "सदरापन देऊ?"

सुचितानं पदर बाजूला केला. पोटावर तळहाताएवढी कातडी सोललेली होती. "हे बघा. लेकरू अजून बाहेरपण आलं नाही."

पुतळाबाईनं पाहिलं. तिचा हात पुढे झाला. मला वाटलं, सुनेच्या पोटाकडे जाईल. तो सदऱ्याकडे गेला. तिनं सदरा परत गोधडीत सारला, चिमटे काढून टाकले आणि तेवढं सगळं ओझं एकटीनं फरफटत आतल्या खोलीत नेलं. "तुझ्या पोराला दुसरी शीव," ती म्हणाली. "ही माझी."

सुचिता बाळंतपणाला उरणला गेली. मुलगी झाली, चांगली आहे, असं शेजारणी ओट्यावर बोलताना ऐकलं. ती परत आली नाही, आणि म्हातारीनं बोलावलंही नाही.

माझा पट्टा आता सुकलाय, चाक गंजलंय. माझ्यावर रिकाम्या बरण्या ठेवल्यात. पुतळाबाई ती गोधडी ऐन उन्हाळ्यातही पांघरते. तिच्या दंडांवर, मानेवर फोड आलेत. विचारलं तर डास म्हणते. मला भंगारात द्या, माझी तक्रार नाही. पण कुणी या घरात आलात, तर आधी आतल्या खोलीत जा आणि तिच्या अंगावरून ती गोधडी काढून घ्या. ती सोडणार नाही. तरी काढून घ्या.