बसून करायचं काम

आई गेली तेव्हा तिचे दागिने थोरलीकडे गेले, कारण थोरलीचं घर मोठं आणि कपाटाचं कुलूप भक्कम. आईचा मधुमेह मात्र दोघी बहिणींना अगदी सारखा मिळाला. त्यात कुणी हात आखडता घेतला नाही.

मग थोरलीने काय केलं? शहरातला नावाजलेला डॉक्टर गाठला. काय खावं ते ठरवून द्यायला एक बाई ठेवली. स्वयंपाकीण ते सगळं मोजूनमापून रांधायची. सकाळी व्यायामाचा मास्तर घरी यायचा आणि बाईसाहेबांना बागेत फिरवून आणायचा. दुपारची झोप होतीच. एवढी सगळी माणसं राबली तेव्हा कुठे थोरलीची साखर आटोक्यात आली, आणि थोरली गावभर सांगत सुटली की हे सगळं मी माझ्या मनाच्या जोरावर केलं. शिस्त हो, शिस्त! दुसरं काही नाही.

धाकटी हे ऐकून घ्यायची. ऐकून घेणं भागच होतं, कारण ती थोरलीच्या नवऱ्याच्या लाँड्रीत इस्त्रीला होती. हॉटेलांच्या चादरी, टेबलक्लॉथ, वेटरांचे कोट. वाफेची इस्त्री, उंच टेबलं आणि सकाळपासून उभ्याने काम. पूर्वी तिथे दोन स्टुलं होती. एकदा थोरली लाँड्रीत फिरकली आणि नेमकी एक बाई बसलेली तिच्या नजरेला पडली. "बसलं की माणूस सुस्तावतं," असं म्हणून तिने दोन्ही स्टुलं उचलायला लावली आणि घरी नेऊन त्यांवर कुंड्या ठेवल्या. झाडं सुस्तावली तर चालत असावीत.

लाँड्रीत बसून करायचं काम एकच होतं. आलेल्या प्रत्येक कपड्याला नंबराची चिठ्ठी टाचणीने लावायची. त्या खुर्चीवर मालकाचा चुलतभाऊ बसायचा. रेड्यासारखा धडधाकट माणूस, पण पाठ जपायचा. त्याच्या हातून टाचण्या पडायच्या आणि त्या उचलायला तो काही वाकायचा नाही.

अशीच एक टाचणी धाकटीच्या जोड्याच्या तळातून वर आली आणि अंगठ्याखाली घुसली. दिवसभर धाकटी तशीच उभी होती. घरी जोडा काढला, मोजा लाल दिसला, तेव्हा कळलं. साखरेने पाय कधीच बधिर केले होते. त्या जखमेला आता काही महिने झाले होते. सरकारी दवाखान्यात पट्टी बदलणारा दर वेळी तेच सांगायचा, "मावशी, पायावर भार टाकू नका. अंगठा हातचा जाईल."

"मग काय, लटकून इस्त्री करू?" धाकटी विचारायची. तो हसायचा, तीही हसायची. पण बसमध्ये बसली की तिला धडकी भरायची. अंगठा गेला की पाय जातो, आणि पाय गेला की भाकरी जाते, एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

शेवटी तिने नाक मुठीत धरून थोरलीला विचारलं, "ताई, जखम भरेपर्यंत मला नंबराच्या टेबलावर बसू दे. बाकी काही नको."

"ह्यांच्याशी बोलते," थोरली म्हणाली. "पण तू रविवारी आरोग्य मंडळात माझ्या व्याख्यानाला ये. तुला मंचावर बोलावणार आहे मी."

"मला? मी काय करू मंचावर?"

"काही करू नकोस. नुसती दिस. एकाच आईच्या दोघी. एकीने स्वतःची काळजी घेतली, एकीने नाही घेतली. लोकांना चटकन पटतं गं."

असं तोंडावर बोलायला जीभ कशी वळते, हे धाकटीला कधी कळलं नव्हतं. पण खुर्चीसाठी तिने तेही गिळलं.

रविवारी आरोग्य मंडळाचा हॉल भरला होता. गुबगुबीत खुर्च्या, अत्तराचा वास आणि सगळ्यांच्या तोंडावर उगाचच समंजस भाव. पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बोलावलेले पायांचे डॉक्टर बसले होते. थोरली उंटावरून शेळ्या हाकायला लागली की तिला आवरणं कठीण. गरीब लोक आजारी पडतात कारण त्यांना तब्येतीची किंमतच नसते, असं ती म्हणाली आणि बऱ्याच माना डोलल्या. मग तिने धाकटीला वर बोलावून शेजारी बसवलं आणि माइक तिच्या तोंडापुढे धरला.

"सकाळी काय खातेस?"

"चहा-पाव."

"फिरायला जातेस?"

"बसपर्यंत चालते. मग बसपासून लाँड्रीपर्यंत."

"त्याला फिरणं नाही म्हणत गं, ते जाणं-येणं झालं." हॉल हसला. "दुपारी जेवतेस कधी?"

"वाफ बंद करतील तेव्हा."

"बघा! वेळेची शिस्तच नाही. आणि गोळ्या?"

"दवाखान्यात असल्या की घेते."

थोरलीने हताश मान हलवली. नाटकात जायला हवं होतं बाईने. मग हळूच म्हणाली, "जोडा काढ. बघू दे सगळ्यांना."

हे ठरलेलं नव्हतं. धाकटीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. पण खुर्ची! तिने जोडा काढला, पट्टी सोडली. पहिल्या रांगेतल्या बायकांनी रुमाल नाकाला लावले. इतका वेळ तब्येतीची किंमत कळलेल्या त्या बायकांना जखमेचा वास मात्र सोसवेना.

डॉक्टर मात्र उठून वर आले आणि सरळ गुडघ्यावर बसले. पाय हातात घेऊन त्यांनी नीट पाहिला.

"उद्या सकाळी माझ्याकडे या, पैशाचं नंतर बघू. पण उभं राहणं आजपासून बंद, एकदम बंद. काम कसलं करता?"

"इस्त्रीचं."

"उभ्याने?"

"तिथे बसायला काही नाही."

"कुठे आहे ही लाँड्री? मी मालकाशी बोलतो."

धाकटीने मान वळवून बहिणीकडे पाहिलं. आयुष्यात एवढी मजा तिला क्वचितच आली असेल. "ही काय मालकीण," ती म्हणाली. माइक जवळच होता.

डॉक्टरांनी थोरलीकडे पाहिलं. "हिला बसून करायचं काम द्या. नाहीतर अंगठा काढावा लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब."

आता कशी बोलते बघू, धाकटीच्या मनात आलं. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणायची तिची छाती नाही. खुर्ची मिळाली! पट्टी गुंडाळताना तिचे हात हलके झाले होते.

थोरली क्षणभर गोरीमोरी झाली. मग तिने माइक हातात घेतला, धाकटीच्या खांद्यावर हात ठेवला आणि गळा दाटून आल्यासारखी म्हणाली, "खुर्चीचं काय घेऊन बसलात डॉक्टर? माझी बहीण आहे ती! उद्यापासून हिला कामावर यायचीच गरज नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मंडळाच्या अध्यक्षबाईंनी तर नाकावरचा रुमाल डोळ्यांना लावला.

"पगार चालू राहील ना?" धाकटीने विचारलं.

थोरलीने माइकवर तळहात दाबला. "चारचौघांत पगाराचं काय काढतेस? आपण काय परक्या आहोत?" तळहात काढून ती गोड आवाजात म्हणाली, "आता सगळ्यांनी चहा घ्यायचा आहे. साखर न घातलेला!"

लोक हसत उठले. धाकटी जोडा हातात घेऊन तशीच बसून होती. एवढ्यात अध्यक्षबाई मुद्दाम मंचावर आल्या आणि तिच्यावर वाकल्या. "नशीबवान आहात हो. अशी बहीण कुणाला मिळते?"

"तुम्हीच ठेवून घ्या तिला," धाकटी म्हणाली. "मला नाही परवडत."

अध्यक्षबाईंना वाटलं, बिचारीचं साखरेने डोकं फिरलंय. तसं त्या चहा घेताना थोरलीला म्हणाल्यासुद्धा, आणि थोरलीने सुस्कारा सोडून ते कबूल केलं.

सोमवारी सकाळी धाकटी डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसली होती, तेव्हा लाँड्रीत तिच्या टेबलापाशी दुसरी बाई उभी होती.