तिसऱ्या भोकामागची भिंत

मी एक संगणक बोलतोय. नेमकं सांगायचं तर संगणकाचा पत्र्याचा डबा, ज्याला येताजाता सगळेच हात लावतात. दोन हजार चार साली जयपूरच्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला तयार केलं आणि सदाशिव वानखेड्यांनी मला ऑटोत मांडीवर धरून शहरातल्याच खातीपुऱ्याला घरी आणलं. ते रेल्वेत नोकरीला, मूळचे अकोल्याचे. घरी पत्नी प्रतिमा आणि बारावीतली मुलगी प्रियंका.

घर भाड्याचं, जुनं. माझ्यासाठी मात्र घरमालकांनी नवाकोरा बोर्ड बसवला होता, तीन भोकांचा. दोन भोकांतून वीज येते-जाते. तिसरं माझ्या पत्र्यासाठी असतं. माझ्या आतून थोडी वीज पत्र्यावर उतरतेच, ती तिसऱ्या तारेने जमिनीत जायची असते. माझी जाड पिन त्या भोकात शिरली आणि मला कळलं, पलीकडे तारच नाही. त्या दिवसापासून माझा त्या भिंतीवर विश्वास उरला नाही.

जमिनीकडे वाट नसल्याने ती वीज माझ्या अंगावरच थांबायची आणि हात लावणाऱ्याच्या अंगातून वाट शोधायची. सगळ्यात आधी ते प्रतिमाला जाणवलं. फरशी पुसून, ओल्या पायांनी ती माझ्यावरची धूळ झटकायला आली आणि हात झिणझिणला. सदाशिवच्या पायात चप्पल, त्याला काहीच लागेना. तुला भास होतो, असं तो म्हणाला.

तिने ऐकलं नाही तेव्हा दोष माझ्यावर आला. मला दोनदा दुकानात नेलं. तिथे टेस्टर लावला तर दिवा लागेना, कारण तिथल्या भिंतीत तिसरी तार होती. दुकानदाराने सांगितलं, मशीन ठीक आहे, घरचं अर्थिंग, म्हणजे जमिनीत जाणारी तार, बघा. सदाशिवने त्यातलं पहिलं अर्धंच घरी सांगितलं.

पण प्रतिमा वायरमनची मुलगी. लहानपणी वडिलांसाठी बॅटरी धरून तिने कितीतरी बोर्ड उघडलेले पाहिले होते. तिने घरमालकांकडे तगादा लावला. त्यांनी एक मिस्त्री पाठवला. बोर्ड उघडून, आत काहीतरी जोडून, झाकण लावून तो दहा मिनिटांत गेला. झिणझिण थांबली. प्रियंकाने माझ्यावर हात फिरवून पाहिला आणि हसली. मला मात्र ते बरं वाटेना. तिसऱ्या भोकामागे काहीतरी आलं होतं, पण ती जमीन नव्हती.

प्रतिमालाही ते पटलं नव्हतं. ती म्हणाली, "भिंतीतून तारा दोनच येतात. मग ही तिसरी आली कुठून?"

"झिणझिण थांबली ना? मतलब काम झालं," सदाशिव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. वीज परत जाते त्या न्यूट्रलच्या तारेपासून तिसऱ्या भोकापर्यंत बोटभर तुकडा जोडलेला होता. तिने तो कापून टाकला, माझा प्लग काढला आणि मला कुणी सुरू करायचं नाही असं बजावलं. प्रियंकाची प्रोजेक्टची फाइल माझ्यात अडकली होती. ती रुसली. सदाशिवला वाटलं, बायकोचा संशय आता हाताबाहेर चाललाय.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई बाहेर वाळवण घालत असताना प्रियंकाने गुपचूप माझा प्लग लावला. अनवाणीच होती. परत आलेली झिणझिण सोसत, कोपर माझ्यावर टेकून ती मी सुरू होण्याची वाट बघत होती, तेवढ्यात पंखा थांबला आणि मीही बंद पडलो. शेजारी मात्र वीज होती. सुट्टीमुळे घरी असलेल्या सदाशिवने येऊन माझा प्लग उपसला आणि भोकांत टेस्टर घातला. एका भोकात दिवा लागला, तो लागायचाच. मग दुसऱ्यातही लागला, जिथे तो लागायला नको.

मीटरजवळ न्यूट्रलची जुनी तार जळून तुटली होती. पंख्यातून गेलेली वीज परत जाऊ न शकल्याने न्यूट्रलमध्येच अडून बसली होती. तो तुकडा असता तर ती सगळी माझ्या पत्र्यावर आली असती.

सदाशिवने प्रियंकाच्या पायांकडे पाहिलं. प्रतिमा दारात आली होती. "तू तो तुकडा कापला नसता तर..." तो तिला म्हणाला.

प्रतिमाने मुलीला जवळ ओढलं. म्हणाली, "अर्थिंगसाठी अंगणात खड्डा खणायला माणूस आणा."

सदाशिव स्वतः घरमालकांना घेऊन आला. खड्ड्यात तांब्याची पट्टी, कोळसा, मीठ घातलं आणि प्रत्येक बोर्डापर्यंत हिरवी तार ओढली. इथली माती कोरडी, म्हणून प्रतिमा दर आठवड्याला तिथे बादलीभर पाणी ओतायची. त्या घरात मला पहिल्यांदा जमीन लागली. प्रियंकाचा अभ्यास माझ्यावरच झाला.

दोन हजार नऊ साली त्यांची बदली झाली. मला जयपूरजवळच्या चौमू गावातल्या शालिनीजींच्या संगणक वर्गाला दिलं. भिंत तपासून घ्या, असं प्रतिमाने दोनदा सांगितलं. शालिनीजींनी मान हलवली. इथला बोर्ड नवा, चकचकीत आहे. तो अजून कुणी उघडून पाहिलेला नाही. फरशी स्वच्छ राहावी म्हणून मुली चपला बाहेर काढून येतात.

उद्यापासून वर्ग सुरू होणार आहे. माझी विनंती एवढीच. एखादी मुलगी हात मागे घेऊन म्हणाली, काहीतरी लागलं, तर मला खुशाल दोष द्या, दुकानात पाठवा, मी रागावणार नाही. पण तिला भास झाला असं म्हणू नका. मेन बंद करा, जाणत्या माणसाला बोलवा आणि भिंत उघडून बघा.