माहेरच्या डोहाची हद्द

चूक माझीच होती. ती केली तेव्हा मी खुर्चीवर बसलो होतो, हातात चहाचा कप होता आणि समोरचे साहेब मला 'सहदेवराव' म्हणत होते. भोयाच्या पोराला कोणी राव म्हटलं की त्याची जीभ सैल सुटते. निदान माझी तरी सुटली.

मत्स्य खात्याचे हे साहेब बुलढाण्याहून आमच्या अर्जाची चौकशी करायला आले होते. अर्ज मीच लिहिला होता, कारण भोयांच्या सोळा घरांत चौथी पास मी एकटा. देऊळगाव राजाच्या खाली, खडकपूर्णेच्या काठी आमचं गाव. गावाला लागूनच नदीत एक डोह आहे. त्याला आम्ही माहेर म्हणतो. माशांचं माहेर. बाकी नदीत जाळं टाका, गळ टाका, कोणी विचारणार नाही. माहेरात मात्र मासा धरायचा नाही. पोटुशी मासोळी तिथे येते, पावसाळ्यात बाळंत होते आणि तिची पिल्लं मग नदीभर पसरतात. त्या पिल्लांवरच आमच्या चुली चालायच्या. तेव्हा यात पुण्यबिण्य फारसं नव्हतं, पोटाचाच हिशोब होता. पण आमच्या बायकांनी त्याला माहेर म्हटलं आणि मग कोणाची मोडायची छाती झाली नाही.

छाती झाली ती पंजाबराव पाटलांच्या माणसांची. पाटलांनी सहासष्ट साली मळ्यात नवी विहीर फोडायला घेतली. सुरुंगाच्या कांड्या उरल्या, त्या त्यांच्या माणसांनी माहेरात टाकल्या. दणका झाला आणि डोहभर पांढरी पोटं वर आली. त्यांनी मोठे मासे वेचून नेले, बारीक तसेच सडत ठेवले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. आमच्या बाया काठावर बसून सुतकात बसल्यासारख्या रडल्या. पाटलाशी भांडायची आमची ऐपत नव्हती, म्हणून मी अर्ज लिहिला: 'हा डोह सरकारने राखीव करावा. येथे कोणीही मासा धरत नाही.'

साहेब रत्नागिरीकडचे होते. माणूस चांगला. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही त्यांना शिव्या द्याल. चहा पिता पिता म्हणाले, "आमच्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत कोणी समुद्रात होडी घालत नाही. माशांचे विणीचे दिवस असतात. तुमची बंदी कधीपासून कधीपर्यंत?"

मी म्हणालो, "साहेब, आमची बंदी महिन्यांची नाही. जागेची आहे."

ते एकदम सरसावून बसले. म्हणाले, "हेच! मी हेच वर लिहून लिहून थकलो. आता किनाऱ्यावर यंत्राच्या होड्या आल्यात, त्यांना पौर्णिमा कळत नाही. किनाऱ्यालगतचं थोडं पाणी कायमचं सोडून द्या, म्हटलं, निदान बीज तरी राहील. कोण ऐकतो! आणि इथे तुम्ही लोक न सांगता ते करताय." मग कागद पुढे ओढून त्यांनी विचारलं, "या डोहातले मासे कुठवर फिरतात, सहदेवराव?"

मी भोई. मला माशांबद्दल विचारलं, मी माशांबद्दल सांगितलं. "वर चिंचेच्या नाल्यापासून खाली दगडी घाटापर्यंत. दोन मैल तरी."

साहेबांनी ते लिहून घेतलं. मला वाटलं, माहितीसाठी.

श्रावणात हुकूम आला. चिंचेच्या नाल्यापासून दगडी घाटापर्यंतची नदी राखीव. या हद्दीत मासा धरताना, बाळगताना किंवा नेताना जो कोणी सापडेल त्याच्यावर खटला. अर्जदार स्वतःच म्हणतात की येथे कोणीही मासा धरत नाही, तेव्हा कोणाचा हक्क जाण्याचा प्रश्नच नाही, असंही त्यात लिहिलं होतं. वाक्य माझंच. मी एका डोहाबद्दल लिहिलेलं त्यांनी अख्ख्या नदीला लावलं होतं. हुकुमासोबत खाकी कोट, शिट्टी आणि एक नोंदवही आली. राखणदार म्हणून नाव होतं माझं.

सोळा घरांनी जाळी गुंडाळून आढ्याला टांगली. मासे धरायला नाल्याच्या वर नाहीतर घाटाच्या खाली जायचं, आणि तिथली नदी दुसऱ्या गावांच्या भोयांची. दयारामकाका आमच्यात वडीलधारे. मी कोट घालून त्यांच्या दारावरून गेलो तेव्हा ते जाळ्याचा तुटलेला दोरा सांधत होते.

"सहदेवा," ते म्हणाले, "साहेबाले तुवं माहेराची हद्द सांगितली का सासुरवासाची बे?"

"काका, मी चुकलो. मी पुन्हा लिहितो साहेबाले."

"लिही. तुले तेवढंच येते."

त्या दिवसानंतर त्यांनी माझा रामराम घेतला नाही. मी हद्दीबद्दल लिहिलं, पण निघालेला हुकूम बदलत नाही, एवढंच उत्तर आलं.

कोट काढून फेकावा, असं रोज वाटायचं. पण मी सोडला असता तर तो पाटलांच्या माणसाच्या अंगावर चढला असता, हे गावाला माहीत होतं आणि मलाही. आणि खरं सांगायचं तर कोटाने काम केलं होतं. मार्गशीर्षात पाटलांचा एक गडी बादलीभर मासे घेऊन जाताना मी धरला, नोंदवहीत लिहिला आणि देऊळगाव राजाच्या कोर्टात उभा केला. त्यानंतर सुरुंगाचा एकही दणका झाला नाही. माहेर पुन्हा भरलं. संध्याकाळी काठावर उभं राहिलं की पाणी उकळल्यासारखं हलायचं. त्याच गोष्टीसाठी मी अर्ज केला होता आणि त्याच गोष्टीने मला कोंडून टाकलं होतं. माझ्या घरात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं.

मग वैशाख आला. वैशाखात नदी तुटते. मोठे डोह तेवढे राहतात, मधल्या पाण्याची डबकी होतात आणि त्यांत अडकलेले मासे हळूहळू चिखलात मरतात. तेव्हा आमच्याकडे मुराळी निघतात. सासरच्या लेकीला सणाला आणायला जो जातो तो मुराळी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आमच्या नदीवर वैशाखात लेकीच मुराळी होतात. सासरहून माहेरी आलेल्या लेकी घागरी घेऊन डबक्यांपाशी जातात, पोटुशी मरळ, वाम, शिवडा हाताने उचलून घागरीत घालतात, वर ओलं फडकं बांधतात आणि चालत आणून माहेरात सोडतात. पुरुषांनी त्या दिवशी नदीवर जायचं नाही.

मी चैत्रातच साहेबांना पत्र टाकलं होतं, की आमच्या बायकांना एवढी एक परवानगी द्या. उत्तर आलं नाही. दुसरं टाकलं. तेही गेलं ते गेलंच.

माझी थोरली बहीण सोजराबाई देऊळघाटला दिलेली. वैशाखात ती आली ती थेट घागर घासायला बसली.

"बाई, औंदा नको," मी म्हणालो. "हद्दीत मासा हातात सापडला का खटला हाय. मी परवानगी मांगितली हाय. आठ दिवस थांब."

"नाल्याजवळचं डबकं पाह्यलं का तुवं?"

पाहिलं होतं. टाच बुडेल एवढं पाणी, आणि त्यात पाठी उघड्या पडलेल्या मरळी.

"आठ दिवसांत तिथं खपल्या राह्यतील," ती म्हणाली. "कागद येईल तवा त्याईले कागदात गुंडाळशीन का? आम्ही चोरून नेऊन राह्यलो का घरी? माहेरी नेऊन राह्यलो."

"मले माहीत हाय, बाई."

"मंग झालं तं."

झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाया घागरी घेऊन वर नाल्याकडे निघाल्या, आणि मी कोट चढवून उलट्या दिशेला, खाली दगडी घाटावर जाऊन बसलो. राखणदाराला दिसलंच नाही तर तो काय लिहिणार? एवढीच माझी अक्कल चालली. तोंड फिरवून बसणं मला बरं जमायला लागलं होतं.

साधारण अकराच्या सुमाराला जीपचा आवाज आला. जीपमध्ये साहेब होते, आणि त्यांच्या शेजारी पंजाबराव पाटील. मी कोटाची बटणं लावत उठलो.

"बसा सहदेवराव," पाटील गोड आवाजात म्हणाले. त्यांनी मला राव म्हणायची ती पहिलीच वेळ. "तुमच्या माहेरी कोण कोण आलं हाय, साहेबाले दाखवू."

डोहाकाठी सात जणी रांगेने उतरत होत्या. सगळ्यांच्या कडेवर घागरी, वर ओली फडकी. पुढे सोजराबाई. काठावरच्या बाभळीखाली दयारामकाका बायांच्या सोबतीला, पण रिवाज म्हणून नदीकडे पाठ करून, जाळं सांधत बसले होते. जीप आली तसे जाळं खांद्यावर टाकून वळून उभे राहिले.

साहेबांनी एका घागरीचं फडकं उचलून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं. "तुमची परवानगीची दोन्ही पत्रं मिळाली," ते हळू आवाजात म्हणाले. "मी वर पाठवली. मासा बाहेर काढणाऱ्याचं काय करायचं, ते नियमात आहे. आत सोडणाऱ्याचं काहीच नाही. त्यांना प्रश्नच कळला नाही हो."

"साहेब, तुम्हाला तर कळतंय ना?"

"मला कळून काय उपयोग?"

पाटलांनी ऐकलं असावं. ते मोठ्याने म्हणाले, "साहेब, माहा गडी बादलीभर माशांपायी याने कोर्टात उभा केला. मंग याच्या बहिणीले काऊन सूट? खटला होत नसन तं तसं सांगा. मी वर लिहितो, का हे राखीव-बिखीव भोयाईच्या चुलीसाठी हाय. मंग राह्यते का पाहू तुमचा हुकूम."

राहिला नसता. साहेबांचा चेहराच ते सांगत होता. हुकूम गेला की आठवड्याच्या आत सुरुंग, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. मी नोंदवही उघडली. कोऱ्या ओळीवर तारीख घातली.

सोजराबाईने सगळं ऐकलं. ती पाण्याशी गेली आणि घागर तिरपी केली. मरळी एकामागून एक पाण्यात घसरल्या. तिच्या मागून सहाही जणींनी घागरी रिकाम्या केल्या. मग ती वळली.

"लिही आता माहं नाव," ती म्हणाली. "सोजराबाई, राहणार देऊळघाट. मी कोर्टात 'हाव, आणल्या मासोळ्या' म्हणीन."

"नुसत्या हावनं काय होते?" पाटील हसले. "पकडलेला मुद्देमाल लागते. रिकाम्या घागरी दाखवल्या तं वकील म्हणन, बाया पाणी भरत होत्या. माह्या गड्याच्या वेळी तं बादली मासोळ्यासगट जमा केली होती. पंच म्हणून मी सही करायले तयार हाव, पण काय पाहून करू?"

साहेबांनी चष्मा काढला. रुमालाने पुसत राहिले, तो पुसून झाला तरी.

"एक मासा, सहदेवराव," शेवटी ते म्हणाले. "या घागरीतलाच सोडलेला, असं लिहू. तो एक असला की खटला उभा राहतो, दंड मी स्वतः भरतो, आणि हे पाणी वाचतं. नसला तर माझ्या हातात काही नाही."

"कुठून आणू?" मी विचारलं. मला कळलं होतं, तरी विचारलं.

त्यांनी डोहाकडे पाहिलं.

मी दयारामकाकांकडे वळलो. त्यांच्या खांद्यावर जाळं होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं आणि मान हलवली. "माह्यं जाळं तिथं भिजणार नाही," ते म्हणाले.

"सहदेवा!" सोजराबाई माझ्या आडवी आली. "माहं नाव शंभर डाव लिही, भाऊ. मले जेलात घाल. पण पाण्यात नको जाऊ. आपल्या बापानं कधी..." तिने माझी बाही धरली.

"बाई, मी नाही गेलो तं पाटलाचे लोक येतीन."

"येऊ दे! ते परके हायत. तू नको."

तिच्या बोलण्यातला फरक मला समजत होता. परक्याने मारलं तर माहेर पुन्हा भरतं; घरच्याने मारलं की ते माहेरच राहत नाही. पण मला दुसरं काही सुचत नव्हतं. सुचण्याच्या साऱ्या जागा मीच बंद करून ठेवल्या होत्या. मी तिला बाजूला केलं. कोट काढला, नोंदवहीवर ठेवला आणि गुडघाभर पाण्यात उतरलो.

नदीतल्या दुसऱ्या कुठल्याही पाण्यात माणसाची सावली पडली तरी मासा पळतो. मी लहानपणापासून त्यांच्या मागे धावलोय, मला माहीत आहे. मनातल्या मनात मी म्हणत होतो, पळा रे, पळा, मला एकही सापडू देऊ नका. हे मासे पळाले नाहीत. उलट जवळ आले. माझ्या घोट्यांना तोंड लावून चाचपू लागले. पोट फुगलेली एक मोठी मरळ माझ्या दोन्ही हातांच्या मध्ये येऊन थांबली. या पाण्यात माणसाचा हात धरायला येतो, ते तिला ठाऊक नव्हतं, तिच्या आईलाही कधी ठाऊक नव्हतं.

मी हात मिटले. पाण्याबाहेर काढून काठावर आणेपर्यंत ती धडपडलीसुद्धा नाही.