खुशालची परीक्षा

रत्नमाला मूळची अड्याळची. भंडाऱ्याजवळच्या एका रसायनांच्या कारखान्यात ती सुरक्षा-प्रशिक्षणाचं पोर्टल सांभाळायची. कामगारांना लॉगिन काढून द्यायचं, विसरलेले पासवर्ड बदलायचे, कोणी कोणता धडा पुरा केला त्याचा अहवाल वर पाठवायचा. कंत्राटी कामगारांतल्या बऱ्याच जणांकडे साधे फोन. त्यांचे धडे महिनोन्‌महिने तसेच पडून असायचे.

सरकारी तपासणीच्या आदल्या दिवशी मॅनेजरनं तिला केबिनमध्ये बोलावून बाकी राहिलेल्या एकेचाळीस जणांना पास दाखवायला सांगितलं. तोंडीच. तपासणी उरकली की सगळ्यांना खरोखर बसवून शिकवू, असंही म्हणाला. रत्नमालानं यादी निवडली आणि बटण दाबलं. एकेचाळीस नावांसमोर हिरव्या खुणा उमटल्या. शिकवायची आठवण तिनं दोनदा करून दिली. तिसऱ्यांदा तिला बोलायची हिंमत झाली नाही.

दीड महिन्यानं त्यांच्यातलाच एक, सिहोऱ्याचा खुशाल, साफसफाईसाठी टाकीत उतरला. आतला वायू तपासल्याशिवाय उतरायचं नसतं, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याला बाहेर काढलं तेव्हा जीव गेलेला होता.

कंपनीनं अपघाताच्या चौकशीत लिहून दिलं: कामगार प्रशिक्षित होता, चूक त्याचीच. सोबत रत्नमालाकडूनच छापून घेतलेलं प्रमाणपत्र जोडलं.

त्या प्रमाणपत्राची नक्कल घेऊन खुशालची बायको सुलोचनाबाई ऑफिसात आली. विचारत विचारत रत्नमालाच्या टेबलापर्यंत पोचली आणि कागद पुढे सरकवला.

"आमच्या घरच्याईले अक्षरबी येत नव्हतं, बाई. हे परीक्षा कोनं देली?"

रत्नमालाला खोटं सुचलं होतं. ओठांपर्यंत आलंही होतं. पण त्या बाईच्या नजरेसमोर ते निघेना.

"कोनीच नाही," ती म्हणाली. "मीच पास केलं त्याईले."

सुलोचनाबाईनं कागदाची घडी घातली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी रत्नमालानं चौकशी अधिकाऱ्याला सगळं सांगितलं. आपण असा हुकूम कधी दिलाच नाही, असं मॅनेजर म्हणाला. पोर्टलच्या नोंदीत एकेचाळीसही नावं एकाच मिनिटाला पास झालेली, आणि करणारी म्हणून रत्नमालाचं नाव. तिची नोकरी गेली. पोलिसांनी चारदा बोलावून जबाब घेतला. मॅनेजर त्याच खुर्चीवर राहिला. चौकशीच्या अहवालातून एवढं मात्र निघालं, की चूक खुशालची नव्हती.

तेवढं सांगायला ती सिहोऱ्याला गेली. शेतात धानाची रोवणी चालू होती. सुलोचनाबाई चिखलाच्या पायांनी बांधावर आली, उभ्यानंच सगळं ऐकून घेतलं.

"त्याईच्यावरचा दोष गेला, बरं झालं," ती म्हणाली. "पन तुले ठाऊक होतं ना? त्याईले काहीच शिकवलं नाही म्हनून? मंग तेव्हाच काहून नाही सांगितलं?"

रत्नमाला म्हणाली, "मले भेव वाटलं."

"हं," म्हणून सुलोचनाबाई पुन्हा बांधीत उतरली. बाकीच्या बाया पुढे सरकल्या होत्या. तिनं पऱ्ह्याच्या रोपांची पेंडी उचलली आणि वाकली. रत्नमाला बराच वेळ बांधावर उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.