मृगासाठी राखलेले मासे

नवरा गेल्यावर दिराच्या चुलीवर जगायचं नाही, एवढ्या एका हट्टापायी भामाने कुकटपल्लीपलीकडचं तळं मक्त्याने घेतलं. शेतकऱ्याच्या घरची बाई मासे पाळणार म्हणून भावकी हसली. हसेनात का. हैदराबादेत मृग लागला की घरोघरी मासा शिजतो; त्या दिवशी खाल्ला तर वर्षभर दमा फिरकत नाही म्हणतात. त्या दिवसासाठी तिने रोहू-कटला जातीचे मासे राखले होते. ते विकले गेले तर ती तळ्याकाठी भाड्याने घेतलेल्या आपल्या खोलीत राहणार, नाहीतर परत दिराकडे.

तळ्याच्या वरच्या अंगाला दिराची, हिम्मतरावांची द्राक्षबाग. सरकारने बाकीच्या खतांचे भाव मोकळे सोडले आणि युरिया तेवढा स्वस्त ठेवला. स्वस्त मिळालं की आपला हात कधी आखडतो? हिम्मतराव वेलींना सढळ हाताने घालत.

खताने पाणी हिरवं होतं आणि हिरव्या पाण्यात मासे पोसतात, असं भामाने ऐकलं होतं. ते खोटंही नव्हतं. तिनेच दिराला म्हटलं, "भावजी, बागेतून निघालेलं पाणी रस्त्यावर कशाला घालवता? माझ्या तळ्यात सोडा."

"घ्या की वहिनी. फुकटच जातंय."

तळं गर्द हिरवं झालं आणि भामा हरखली. पण अति तिथे माती. मृगाच्या तोंडावर आभाळ दाटलं, वारा पडला, ऊन दिसेना. पहाटे सगळे मासे वर येऊन तोंडं उघडत होते. उपाशी असतील बिचारे, म्हणून तिने टोपलीभर कोंडा टाकला. ते भुकेले नव्हते, त्यांना श्वास मिळत नव्हता. खतावर माजलेल्या हिरव्या शेवाळाने उन्हाविना पाण्यातली हवा संपवली होती, आणि उरलीसुरली कुजत्या कोंड्याने खाल्ली.

मृगाच्या सकाळी तळ्यावर नुसती पांढरी पोटं तरंगत होती. बांधावर गिऱ्हाईकं पिशव्या घेऊन उभी. "क्या हुआ अम्मा, मच्छी को?" एका म्हाताऱ्याने विचारलं. भामाने कोंड्याची रिकामी टोपली उचलून बाजूला ठेवली. बागेचं पाणी तिनेच मागितलं होतं, कोंडाही तिनेच टाकला होता; आपल्याच हाताने मारले, हे तिला आता कळलं होतं.

हिम्मतराव धावत आले. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर भांडायचीही सोय नव्हती. "झालं ते झालं, वहिनी. घर तुमचंच आहे. बागेत काम पडलेलंच आहे."

आठवड्याभरात ती बागेत उभी होती. त्यांनी तिच्या ओच्यात युरिया ओतला आणि वेलींच्या बुडाशी टाकायला सांगितला. उतार खाली तळ्याकडेच जातो, ते तिला ठाऊक होतं. तिने मूठ भरली.