कोणते बोरकर?

गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत भाड्याची खोली शोधायची म्हणजे चपला झिजवायच्या. खाणीच्या कामावर बाहेरगावची माणसं आली, ठेकेदारांनी घरंच्या घरं अडवली आणि भाडी अशी चढली की नव्यानं नोकरी लागलेल्या माणसानं अर्धा पगार घरमालकाच्या हाती ठेवायचा नि उरलेल्यात महिना ओढायचा. त्यातून परवडेल अशी खोली सापडलीच, तर भाडं किती देता हे नंतर विचारतात. आधी विचारतात, तुम्ही कोण?

माधवी बोरकरला हे एटापल्लीत आल्यावर लवकरच कळलं. ती जिवती तालुक्यातली. बाप कोरडवाहू शेतात राबणारा, आई मजुरीला जाणारी. आयटीआय करून ती वीज कंपनीत विद्युत सहायक म्हणून लागली होती. खांबावर चढून तारा जोडायचं काम. गावातली पोरं पहिल्यांदा बघायला जमली होती, बाईमाणूस खांबावर कशी चढते म्हणून! माधवी चढली, जोडणी केली, उतरली आणि हात झटकून पुढच्या खांबाकडे गेली. पोरं आपोआप पांगली.

सध्या ती ऑफिसातल्या पुनमच्या बहिणीकडे पडवीत पथारी टाकून राहत होती. पुनम माडिया आदिवासी घरातली. घर लहान, माणसं पुष्कळ, तरी "राह्य ना बाप्पा, कुठी जाशील?" म्हणून त्यांनी ठेवून घेतलं होतं. पण पाहुणपण किती दिवस करायचं, हे माधवीलाच खाऊ लागलं.

तेवढ्यात बसस्टँडमागच्या गुणवंतरावांच्या खोलीचा पत्ता लागला. धानाची शेती असलेले हे वजनदार गृहस्थ. घराच्या अंगणात एका ओळीत भाड्याच्या खोल्या, पाण्याचा नळ सामाईक, आणि त्यामुळेच भाडं जरा आवाक्यातलं. शेवटची खोली रिकामी होती. माधवीनं पाहिली. खिडकीतून मोहाचं झाड दिसत होतं. तिला खोली तिथल्या तिथं आवडली.

त्यांच्या बायकोनं, गुणाबाईंनी, चहा टाकला. गुणवंतराव खुशीत होते. "पोरगी अन लाईनमन! वा! आमच्या घरची लाईट आता जाणार नाई म्हण की," असं म्हणून हसले. मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "बोरकर म्हणजे कोणते बोरकर?"

त्या भागात बोरकर बऱ्याच समाजांत आहेत. माधवीला प्रश्नाचा अर्थ नीट कळला.

"बौद्ध," ती म्हणाली.

गुणवंतरावांनी कप खाली ठेवला. गुणाबाई चुलीकडे वळल्या. "ते का हाय पोरी," गुणवंतराव घसा खाकरत म्हणाले, "मले आत्ता आठोलं. ते खोली माह्या भाच्यासाठी ठेवली हाय."

माधवी उठली. चहा तसाच राहिला.

भाचा काही आला नाही. फाटकावरची 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी मात्र लटकतच राहिली. आणखी चार घरी हेच झालं. कुणाला अचानक पाहुणे येणार होते, कुणाला खोलीत धान भरायचं होतं, कुणी तोंडावरच सांगितलं की शेजारी नावं ठेवतात.

ऑफिसातले देवराव भाऊ वयानं मोठे, मनानं चांगले. त्यांनी तिला बाजूला घेतलं. "तू सांगूनच काऊन टाकते? म्हण ना, दुसरे बोरकर. कोण येते तपासाले?"

"तपासाले कोणीच येणार नाई, भाऊ," माधवी म्हणाली. "पण मंग माही माय आली तर तिले का सांगू? मोठ्यानं जयभीम म्हणू नको म्हणून? बाबासाहेबांचा फोटो पेटीत ठेवू? भाडं मी देणार अन आपल्याच खोलीत चोरासारखी मीच राहणार? माहा आजा चांद्याले पायी गेला होता बाबासाहेबांकडून धम्माची दीक्षा घ्याले. लपवाले नव्हता गेला!"

देवराव खाली मान घालून म्हणाले, "मी आपलं सोपं सांगत होतो."

"सोपं तुमच्यासाठी हाय, भाऊ."

पुढच्या आठवड्यात भर दुपारी वावटळ सुटली. मोहाची फांदी मोडून बसस्टँडमागच्या तारांवर पडली आणि अख्ख्या गल्लीची वीज गेली. कामावर माधवी आणि देवराव होते. देवरावांनी खालून दोर धरला, ती वर चढली. ऊन भाजत होतं. फांदी कापली, तार ओढून बांधली. गल्लीतली माणसं ओट्यांवर बसून बघत होती. पंखे फिरू लागले, तशी पोरांनी आरोळी ठोकली.

ती खाली उतरली तर समोर गुणवंतराव.

"लय मेहनती हायस पोरी," ते म्हणाले आणि आवाज खाली आणला. "मी विचार केला. घेऊन टाक ते खोली. फक्त येणंजाणं मागच्या दारानं कर. अन कोणी विचारलं तर आडनाव सांगायच्या भानगडीत पडू नको. तुह्यासारख्या कामाच्या माणसाले नाई म्हणणं बरं नाई वाटत."

पुनमच्या बहिणीची पडवी माधवीच्या डोळ्यांपुढे आली. हो म्हटलं असतं तर संध्याकाळपर्यंत सामान हलवता आलं असतं. क्षणभर तिला मोह झालाही. पण मागच्या दारानं ये-जा करतानाचं आपलं रूप तिला दिसलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"काकाजी," ती सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "खोली रिकामी हाय का?"

गुणवंतराव गडबडले. "हाय... पण हळू बोल ना."

"भाचा येणार हाय का?"

गुणवंतरावांनी ओट्यांकडे चोरून पाहिलं.

"मंग मले काऊन देली नाई, ते इथी सगळ्यांसमोर सांगा. मी खांबावर चढली म्हणून मले खोली नको! उद्या माहा हात मोडला, तं खोलीतून काढून देसान का? मी भाडं देते, माणूस हावो, एवढ्यावर द्या. मागच्या दाराची खोली तुमची तुम्हाले लखलाभ!"

ओट्यांवरची माणसं चुळबुळली. गुणवंतरावांचा चेहरा लाल झाला. "पोरी, घर माहं हाय! कोणाले द्याचं ते मी ठरवीन!"

"ठरवा ना," मागून आवाज आला. गुणाबाई फाटकात येऊन उभ्या होत्या. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या नवऱ्याशी चारचौघांत कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. "पण ठरवाच्या आधी आपल्या पोराची, अजयची गोष्ट आठवा."

"अजयचं इथी का काम?"

"हाय काम! पोरगा नोकरीले पुण्याले गेला. घरमालकानं गाव विचारलं. पोरानं गडचिरोली सांगितलं, तं तो म्हणला, तिकडच्या लोकांचा भरोसा नाई, आम्ही ठेवत नसतो. पोरगा दोस्ताच्या खोलीत जमिनीवर निजला. तुम्ही त्या दिवशी ताटावरून उठले होते. माणसाची पारख गावावरून करते का रे, म्हणून त्या माणसाले शिव्या देत होते. त्यानं गाव विचारलं, तुम्ही जात विचारली. मंग त्याच्यात अन तुमच्यात फरक का हाय? सांगा ना! त्या दिवशी या पोरीनं चहा तसाच ठेवला, तो मी मोरीत ओतला. तवापासून माह्या घशाखाली चहा उतरत नाई."

पोराचा फोनवरचा रडवेला आवाज गुणवंतरावांच्या कानांत पुन्हा घुमला असावा. ते तसेच फाटकाला धरून उभे राहिले.

तेवढ्यात ओळीतल्या पहिल्या खोलीतून दिनेश बाहेर आला. ठेकेदाराचा सुपरवायझर. त्याच्या माणसांनी दोन खोल्या घेतल्या होत्या आणि भाडंही सगळ्यांत जास्त तोच देत होता.

"काकाजी, हे जमणार नाई," तो म्हणाला. "नळ एकच हाय. हे बाई राहाले आल्या तं आम्ही खोल्या सोडू."

सगळ्यांच्या नजरा गुणवंतरावांवर खिळल्या. दोन खोल्यांचं भाडं म्हणजे त्यांच्या घरखर्चाचा मोठा आधार. माधवीला वाटलं, झालं, आता हा माणूस मागे फिरणार. तिनं हातमोजे उचलले.

"सोड," गुणवंतराव म्हणाले.

"का?"

"खोल्या सोड म्हणलं. किल्ल्या काकीपाशी देऊन जा." मग ते माधवीकडे वळले. तिच्याकडे बघणं त्यांना जड जात होतं, तरी त्यांनी बघितलं. "पोरी, भाच्याचं मी खोटं बोललो. चुकलं माहं. राहाले ये. समोरच्या दारानं ये."

"येईन," माधवी म्हणाली. "भाडं जे दुसऱ्यांले, तेच मले. कमी नको, जास्त नको."

दिनेशनं खरोखरच खोल्या सोडल्या. पानटपरीवर गुणवंतरावांना टोमणे बसले, एका सोयऱ्यानं तर घरी येणंच बंद केलं. पण त्यांनी शब्द फिरवला नाही. सोडलेल्या खोल्या त्यांनी आतल्या गावांतून कॉलेजला आलेल्या माडिया मुलींना परवडेल अशा भाड्यात दिल्या. त्या मुलीही माधवीसारख्याच दारोदार फिरून थकलेल्या होत्या.

वाचकहो, घर आपलं, म्हणून कोणाला ठेवायचं ते आपण ठरवणार, असं आपण सगळेच म्हणतो. पण दारात उभ्या माणसाची जात विचारून दार लावणं हा मालकीहक्क नाही, तो अन्याय आहे! शेजारी काय म्हणतील ही त्याची सबब होऊ शकत नाही, कारण शेजारी म्हणजे तरी तुम्ही-आम्हीच. आणि ज्याच्यावर हा अन्याय होतो, त्यानं आपलं नाव गिळून कोपऱ्यातली जागा का पत्करावी? त्यानं ताठ उभं राहावं, भर गल्लीत कारण विचारावं. लाज वाटायचीच असेल, तर ती ज्याला उत्तर देता येत नाही त्याला वाटू दे!